जुन्या गाडीला परवाना आहे, इंधन मात्र नाही : पेट्रोलियममंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री आठच्या सुमारास, भर पावसात, कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर माझी गाडी बंद पडली. आत माझे चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील होते आणि व्हीलचेअरशिवाय त्यांना हलवता येत नाही. या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी काय काय केले आहे, ते पुण्यात कोणालाही विचारावे. टोइंगची गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटे मी मोबाइलचा दिवा हलवत गाडीच्या मागे उभा होतो, आणि वडील पुन्हा पुन्हा विचारत होते, घरी कधी पोचणार.

टाकीतला फ्युएल पंप जळाला होता आणि रबरी नळ्या फुगून मऊ पडल्या होत्या. बिल झाले १४,६०० रुपये. माझी गाडी २००९ सालची, म्हणजे पुण्यात बीएस-४ हे धुराच्या प्रदूषणाचे मानक लागू होण्याच्या आधीची आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे तिच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेले आहे. जुन्या गाडीचे भाग वयानेही जातात, हे मला मान्य आहे. परंतु लिटरमागे पंधरा किलोमीटरचे ॲव्हरेज ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, आल्यावर तेरावर आले, ते एकट्या वयामुळे, हे मला पटत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. त्याच अहवालात जुन्या गाड्यांसाठी ई-१० उपलब्ध ठेवावे आणि मिश्रित इंधनाचा दर कमी असावा, अशा शिफारशी होत्या. २० टक्क्यांचे लक्ष्य २०३० वरून अलीकडे ओढताना जी घाई झाली, तिच्यातली थोडी तरी या दोन शिफारशींच्या वाट्याला का आली नाही? ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मंत्रालयाने जुन्या गाड्यांचे रबरी भाग व गॅस्केट बदलणे कमी खर्चाचे असल्याचे सांगितले. १४,६०० रुपये ही माझ्या निवृत्तिवेतनातील अर्ध्याहून अधिक रक्कम आहे.

मला सर्वांत अधिक खुपते ते हे, की २०२४ मध्ये याच गाडीची तपासणी होऊन, पाच हजार रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर घेऊन, तिची नोंदणी पाच वर्षांसाठी नूतनीकृत झाली. पीयूसीत ती दर सहा महिन्यांनी उत्तीर्ण होते. एक खाते २०२९ पर्यंत चालवण्याची परवानगी देते आणि दुसरे खाते ती ज्या इंधनावर चालावी म्हणून बनवली, तेच पंपावरून काढून घेते. मधल्या नुकसानीला मात्र कोणीही वाली नाही. विमा कंपनीने ही झीज आहे असे सांगून दावा नाकारला.

सीएनजी बसवा, असा सल्ला अनेकजण देतात. तोही विचार मी केला. मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद, दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी, हे सगळे करीनही; पण सिलिंडर डिकीत बसतो आणि डिकीत वडिलांची व्हीलचेअर असते. नवी गाडी घेण्याची ऐपत असती, तर हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. माझ्या भावाचा इंदापूरला ऊस आहे आणि कारखान्याकडून वेळेवर पैसे येणे म्हणजे काय, हे आमच्या घराला ठाऊक आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, हेही खरे. पण धोरण ठरवणाऱ्यांना शेतकरी दिसतो, आयातीचे बिल दिसते, कारखानदार दिसतो. जुनी गाडी सांभाळून वापरणारा माणूस फक्त कर आणि शुल्क भरतानाच कसा दिसतो?

५ जून २०२१ रोजी याच पुण्यात तीन ठिकाणी ई-१०० विक्रीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला होता. शुद्ध इथेनॉलसाठी शहरात जागा निघाली, तर ई-१० साठीही निघेल. निदान प्रत्येक भागातील एका पंपावर तरी ते द्यावे आणि प्रत्येक नोझलवर इथेनॉलचे प्रमाण मोठ्या अक्षरांत लिहावे. पुढच्या मंगळवारी वडिलांना पुन्हा त्याच उतारावरून आणायचे आहे, आणि टाकीत ई-२० च असेल.

आपला,
धनकवडी, पुणे येथील एक निवृत्त नागरिक