ओवेन्सच्या खोऱ्यात निघालेल्या लेकीस

कराड, रविवार

चि. मनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोन ठेवल्यापासून बाबांनी मला एवढेच सांगितले आहे, की आता तिला काही दिवस स्वस्थ बसू दे. म्हणून फोन केला नाही, पत्र लिहिते आहे. डॉक्टर म्हणून तू तीन वर्षांच्या करारावर जिथे जायची सही केलीस, ती कॅलिफोर्नियातली इन्यो काउंटी, म्हणजे तिथला जिल्हाच, नेमकी आहे तरी कशी, हे मिळेल तेथून वाचून काढले. आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवल्यामुळे एखाद्या जागेची धास्ती वाटली की आधी तिचा नकाशा उघडायचा, ही माझी जुनी सवय तुला माहीत आहे. धुळीचा विषय काढायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसले आहे.

आपल्या सातारा जिल्ह्याच्या साधारण अडीचपट ती काउंटी आहे. साताऱ्यात २०११ च्या जनगणनेत तीस लाखांवर माणसे होती. इन्योत २०२० मध्ये १९,०१६. एका टोकाला ४,४२१ मीटर उंचीचे माउंट व्हिटनी आणि दुसरीकडे मृत्युदरीतला समुद्रसपाटीहून ८६ मीटर खोल असलेला बॅडवॉटरचा तळ, हे दोन्ही एकाच काउंटीच्या हद्दीत यावेत, याचे मला फार अप्रूप वाटले. सिएरा नेवाडा ही पर्वतरांग पॅसिफिककडून येणारे ढग पश्चिमेकडेच रिते करून घेते आणि पूर्वेचे ओवेन्स खोरे कोरडे राहते. महाबळेश्वर भिजते आणि माण-खटाव वाट पाहत राहतो, तसेच ते. मात्र सिएराच्या माथ्यावरचे बर्फ वितळून खोऱ्यात उतरते, आणि त्या ओढ्यांच्या पाण्यावरच तिथली सगळी माणसे जगली आणि भांडली.

त्या पाण्याचे पहिले मालक तिथले मूळ रहिवासी, पायूट लोक. गोरे वसाहतवाले येण्याच्या कितीतरी आधीपासून ते ओढ्यांना बांध घालून, पाट काढून रानातल्या कंदांना पाणी देत असत. १८६० च्या दशकात गुरे घेऊन आलेल्या लोकांनी ती कुरणे बळकावली, लढाई झाली, आणि १८६३ च्या जुलैत लष्कराने सुमारे हजार पायूट स्त्री-पुरुष-मुलांना भर उन्हात चालवत दूर फोर्ट तेहोनकडे नेले. पुष्कळजण पुढे परतून आले. तुझ्या रुग्णांत त्यांचीच नातवंडे-पतवंडे असतील, हे लक्षात ठेव.

मग पाणी पुन्हा एकदा गेले. १९०५ च्या सुमारास लॉस एंजेलिस शहराच्या वतीने खोऱ्यातल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेतले जाऊ लागले, तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत अशी होती की ही खरेदी त्यांच्याच भल्याच्या सरकारी पाटबंधारे योजनेसाठी चालली आहे. मुख्य अभियंता विल्यम मुलहॉलंड यांच्या देखरेखीखाली सुमारे ३७५ किलोमीटरचा जलमार्ग बांधला गेला आणि १९१३ च्या नोव्हेंबरात खोऱ्याचे पाणी शहरात पोहोचले. १९२४ मध्ये शेतकऱ्यांनी तो जलमार्ग सुरुंगाने उडवला, नंतर त्याच्या दरवाजांवर कब्जा करून चार दिवस पाणी पुन्हा नदीत सोडले, आणि गावोगावची बायकापोरे डबे घेऊन तिथे जाऊन बसली. हे वाचताना मला कोयनेच्या धरणात गेलेल्या गावांतली माणसे आठवली. तुझ्या पणजीचे माहेर शिवसागराखाली आहे. वीज दूरच्या शहरांत लागली आणि ती शेवटपर्यंत फक्त आपल्या परसातल्या फणसाविषयी बोलत राहिली. शहराला पाणी नको होते असे मी म्हणत नाही. पण ज्यांचे पाणी जाते त्यांना कोणी विचारत नाही, याचा संताप मला या वयातही येतो.

नदी वळवली आणि तिच्या शेवटी असलेले सुमारे २८० चौरस किलोमीटरचे ओवेन्स सरोवर १९२६ च्या सुमारास जवळजवळ कोरडे पडले. त्याचा क्षारांचा तळ उघडा पडला आणि वारा सुटला की उडू लागला. दहा मायक्रॉनहून बारीक धुळीचा अमेरिकेतला सर्वांत मोठा एकच उगम, अशी त्या तळाची अनेक वर्षे नोंद होती, आणि त्या धुळीत आर्सेनिक आणि कॅडमियमही आहे. लोन पाइन त्याच सरोवराच्या वरच्या अंगाला आहे, आणि तू आठवड्यातले दोन दिवस तिथल्या दवाखान्यात बसणार आहेस.

ठरवूनही विषय निघालाच. मला माफ कर, पण तू आठ वर्षांची असताना रहिमतपूरच्या वाड्यात जी रात्र झाली, ती तुला आठवत नाही आणि मला विसरता येत नाही. तुझे बाबा एसटी संपामुळे साताऱ्यात अडकले होते, मोठ्या काकांनी जीप काढली, आणि वाठारपर्यंत तुझ्या छातीची ती शिट्टी माझ्या कानाशी होती. त्या रात्री तू मला विचारलेस, "आई, श्वास कोण बंद करतंय?" तीच तू आज दुसऱ्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावतेस, यात मला जे वाटते ते सांगायला मी शब्द शोधत बसणार नाही. दम्याविषयी तुला माझ्याहून हजारपटीने अधिक कळते, हे मला मान्य आहे. तरीही इन्हेलर पर्समध्ये नको, पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेव.

एवढे मात्र खरे, की कायद्याने शहराला भाग पाडल्यावर तिथे काम झाले आहे. तळावर उथळ पाणी खेळवणे, खडी पसरणे, खारट जमिनीत तगणारे गवत लावणे, अशा उपायांवर लॉस एंजेलिसने दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च केला आणि धूळ पुष्कळच कमी झाली. पाणी आले तसे किनाऱ्यावरचे पक्षीही परतले. २००६ च्या डिसेंबरात ओवेन्स नदीच्या खालच्या सुमारे शंभर किलोमीटर पात्रात पुन्हा पाणी सोडण्यात आले. बाबांनी हा परिच्छेद मला मोठ्याने वाचायला लावला.

लोन पाइन आणि इंडिपेंडन्स यांच्या मध्ये मॅन्झनार आहे. तिथे तू पहिल्या महिन्यातच जाऊन ये. १९४२ ते १९४५ या काळात जपानी वंशाच्या दहा हजारांहून अधिक लोकांना तिथे काटेरी तारांच्या आत डांबले होते, आणि त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते. फळ्यांच्या फटींतून रात्रभर आत येणारी धूळ त्यांच्या बहुतेक आठवणींत आहे. पण मी तुला सांगू इच्छिते ते वेगळेच: त्या छावणीत २५० खाटांचे रुग्णालय उभे राहिले, आणि तिथले कितीतरी डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच बंदी होत्या. ज्या देशाने आपल्याला कोंडले, त्याच देशाच्या भूमीवर त्यांनी बाळंतपणे केली आणि ताप उतरवले. परक्या गावात तुला एखाद्या रात्री फार एकटे वाटले, तर त्यांची आठवण काढ. तुझ्या व्हिसातली मायदेशी परतण्याची अट माफ होण्यासाठी ही तीन वर्षे आहेत, हे मला कळते. पण ज्या भागाला डॉक्टर मिळत नाही तिथेच तुझ्यासारख्यांना पाठवतात, म्हणजे तिथल्या माणसांसाठी तू नुसती मुदत भरणारी व्यक्ती असणार नाहीस. सत्तर मैलांवरून आलेल्या म्हाताऱ्याला घड्याळ पाहून परत पाठवू नकोस. हा उपदेश झाला. तू इतकी वर्षे रात्रपाळ्या केल्यास त्या घड्याळ न पाहताच केल्यास, तेव्हा वरची ओळ वाचली नाहीस असे समज.

भूकंपाचेही सांगायला हवे. २६ मार्च १८७२ च्या पहाटे लोन पाइनची कच्च्या विटांची घरे कोसळून सत्तावीस माणसे गेली. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा धक्का बसला तेव्हा मी लहान होते. आजीने मला पांघरुणासकट अंगणात ओढले आणि पहाटेच्या काळोखात सगळीकडून भिंतींची माती उडत होती. आजही ट्रक गेल्यावर तावदान हलले की मी उठून बसते. खोऱ्यातल्या बिशप गावी घर घेशील ते लाकडी, हलके बघ, आणि पलंगाच्या वर जड काही टांगू नकोस.

लोन पाइनजवळच्या अलाबामा टेकड्यांत हॉलिवूडने आपल्या वायव्य सरहद्दीची चित्रीकरणे केली होती, हे कळल्यावर बाबा एकदम खुलले. तिथला फोटो त्यांना हवा आहे.

खोऱ्याच्या हवेवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याचे कार्यालय बिशपमध्येच आहे. लोन पाइनला निघण्याच्या सकाळी त्यांच्या नोंदी पाहत जा. वारा जोराचा असेल तर गाडीच्या काचा बंद, आणि मास्क लावायला लाजू नकोस. पुढच्या महिन्यात नीता मावशी फ्रीमाँटला येते आहे. तिच्याबरोबर मेतकूट, कुळथाचे पीठ आणि इन्हेलरला जोडायच्या नळीचे, म्हणजे स्पेसरचे, दोन नवे नग देते आहे. बिशपचा पत्ता पिनकोडासह कळव, म्हणजे ती तिथून पार्सल करील.

तुझी,
आई