कोणतं सिरप चांगलं, हे विचारूच नका

महोदय,

परासियात कफ सिरपनं मुलं दगावल्यापासून माझ्या दवाखान्यात खोकणारं मूल घेऊन आलेले आईबाप खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतात, ‘डॉक्टर, ते छिंदवाड्याचं नको हं. दुसरं कुठलं चांगलं असेल ते लिहा.’ त्यांची भीती खरी आहे, प्रश्न मात्र चुकतोय. इंदुरात मुलं तपासण्यात निम्मं आयुष्य गेलं, त्या हक्कानं सांगतो : पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या साध्या सर्दी-खोकल्याला बाजारातलं कुठलंच कफ सिरप लागत नाही. भेसळ नसलेलंही नाही.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच मध्य प्रदेशात, परासिया ज्यात येतं त्या छिंदवाडा जिल्ह्यात, कोल्ड्रिफ नावाचं सिरप घेतलेली वीसहून जास्त मुलं दगावली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. आधी साधा ताप-खोकला, मग लघवी कमी, मग बंद. कित्येकांना नागपूरला हलवलं, तरी वाचली नाहीत. तामिळनाडू सरकारच्या तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का. हे विष चवीला गोड असतं आणि औषध विरघळवायला जे ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात, त्यात मिसळलं तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष रुग्णांच्या पोटात गेलं, १४ जण गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. त्यानंतरही हे का होतं, याचा जाब सरकारला जरूर विचारा. मी आज घरातल्यांशी बोलतोय.

बाटली अगदी शुद्ध आहे असं धरू. आत काय असतं? बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीचं औषध आणि फेनिलेफ्रिन हे चोंदलेलं नाक मोकळं करायचं, जोडीला कधी पॅरासिटामॉल. पहिल्यानं गुंगी येते. मूल झोपतं, घरचेही झोपतात आणि सकाळी आजी म्हणते, ‘बघ, कसा गुण आला!’ गुण कसला, गुंगी आली. सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडेसुद्धा रेंगाळतो, बाटली दिली तरी आणि नाही दिली तरी. केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच या जोडीच्या बाटलीवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायला सांगितलं होतं. ३ ऑक्टोबर २०२५ला आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं, दोन वर्षांखाली अजिबात नको आणि पाच वर्षांखाली सहसा नको. बाटलीवरचा तो इशारा वाचायला चष्मा लागतो, कारण बाटलीवर किमतीपेक्षा बारीक अक्षरात काही असेल तर तेच.

परवा एका आईनं माझ्या टेबलावर पर्समधल्या बाटल्या मांडल्या. एकीचं लेबल सिरप ओघळून अर्धं विरघळलेलं, झाकण चिकटून बसलेलं. दुसरीवर तिसऱ्याच औषधाची मापाची टोपी. थोरल्या मुलीचं उरलेलं औषध धाकट्याला चाललं होतं, वर तापाचं वेगळं. दोन्हींत पॅरासिटामॉल, म्हणजे डोस दुप्पट, आणि त्या माउलीला पत्ताच नाही. तापाच्या औषधात ‘पाच एमएल दिलं’ या वाक्याला काहीच अर्थ नाही. सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असतात, जास्त ताकदीच्या सिरपमध्ये २५०, आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्सच्या एकाच मिलिलिटरमध्ये १००. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतात. ड्रॉप्सची बाटली हातात घेऊन पाच मिलिलिटर पाजले तर काय होईल, तो गुणाकार घरीच करा. डोस वजनावर ठरतो, वयावर नाही आणि शेजारणीच्या अनुभवावर तर नाहीच.

मग खोकल्यात बघायचं काय? श्वास. आपल्याकडे ‘पसली चलतेय’ म्हणतात, ते नेमकं ओळखता आलं पाहिजे. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा, पोटाकडे बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, तर दवाखान्यात निघा. श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल अंगावर पीत नसेल किंवा उठवून उठत नसेल, तर आकड्याचीही वाट बघू नका. सुदामा नगरच्या एक आजी नातवाचे श्वास मोजून, कॅलेंडरच्या मागे लिहून घेऊन येतात. एमबीबीएसच्या पोरांना मी त्यांचा दाखला देतो.

घरगुती उपायांवर माझा राग नाही. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध द्या, खोकला हलका होतो. वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटही नको, अगदी बारशाच्या दिवशी सोन्याच्या अंगठीनं चाटवायचं म्हटलं तरी नको. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब. मोहरीचं तेल नाकात नको. न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची हौस असते, पण खोकणाऱ्या बाळाला धूर कसला देता? आणि गळ्यातली कापराची पुरचुंडी आधी काढा. ती चघळून मुलांना आकडी येते.

आमच्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणं आहे. पर्चा कोरा परत दिला तर पेशंट दुसरीकडे जातो, हे मलाही माहीत आहे. जाऊ दे. आणि पालकांनो, पाच मिनिटं मुलाची छाती ऐकून ‘औषध नको’ म्हणणाऱ्याची फी द्यायला कुरकुरू नका.

संपादकसाहेब, एक विनंती. श्वासाचे ते तीन आकडे थंडीभर रोज एका चौकटीत छापावेत. फक्त त्या चौकटीशेजारी खोकल्याच्या औषधाची जाहिरात घेऊ नका.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ
रामबाग, इंदूर