नवरीच्या आजीचा फोटो

महाल, नागपूर
रविवार, दुपार

चि. चिमूस अनेक आशीर्वाद.

तू काढलेल्या त्या लग्नाच्या फोटोंची लिंक उघडली. २,३४० फोटो. दोन दिवस लागले मला. तुझी आई म्हणाली, एवढं मन लावून मॅट्रिकला बसले असते तर आज कुठे असते! फोटो सुंदर आलेत, ते आधी सांगतो. अंतरपाट खाली येतानाचा तो एक, नवरीची नजर खाली आणि नवरदेव भलतीकडेच, भटजींच्या घड्याळाकडे बघतोय, तसा मला उभ्या आयुष्यात साधला नाही. आमच्या वेळी भटजी दटावायचे, ‘मुहूर्त तुमच्या फ्लॅशसाठी थांबत नाही.’ आता ड्रोनसाठी हार दोनदा घालतात आणि भटजीही हसतमुख उभे असतात.

पण मी त्यात एक फोटो शोधत होतो, तो मिळाला नाही.

वर्धा रोडच्या त्या लॉनवर तू मला बॅटऱ्यांची पिशवी देऊन कुलरसमोर बसवलंस, आठवतं? माझ्या शेजारच्या खुर्चीवर नवरीची आजी होती. हिरवं नऊवारी लुगडं, नाकात नथ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. काटोलकडच्या एका खेड्यातून पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. तुझ्याकडे बघून मला म्हणाल्या, ‘भाऊ, थे पोट्टी तुमची काय? माहाबी येक फोटो काढाले सांगा ना तिले.’ मी म्हटलं, काढेल ना, सगळ्यांचे काढते ती. तुला सांगायला उठलो तेवढ्यात वरात आली आणि बँडच्या आवाजात माझं तुला काही ऐकू गेलं नाही. नंतर मीही जेवायला गेलो. वडाभात चांगला होता, त्यात विसरलो. म्हणजे चूक माझीसुद्धा आहे.

आजी तीन फोटोंत आहेत. एकात व्हिडिओवाल्याच्या कोपराने त्यांचं अर्धं तोंड झाकलंय. एकात फक्त हात, ताटावर पापड मोडणारा. तिसऱ्यात नवरी खळखळून हसतेय, तिच्या पापण्यांचा केस न् केस मोजता येतो आणि मागे एक हिरवा डाग आहे. रंग ओळखला म्हणून कळलं, नाहीतर केळीचा खांब समजलो असतो. तुझी ती ८५ ची लेन्स, १.८ वर म्हणजे भरपूर उघडलेली. मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं आणि लोक त्यावर खूश होतात. मी नाव ठेवत नाही. माझ्याकडे अशी लेन्स असती तर मीही तेच केलं असतं. पण लग्नात मागे जे उभे असतात ते पडदा नसतात, नातेवाईक असतात.

मी १९८३ साली सीताबर्डीच्या एका स्टुडिओत लागलो तेव्हा हातात याशिका कॅमेरा आला. १२० चा म्हणजे रुंद फिल्मचा रोल, त्यात बारा फोटो. लग्नाला दोन रोल, पैसेवाले असले तर तीन. त्या कॅमेऱ्यात वरून खाली मान घालून बघायचं आणि काचेवर डाव्याचं उजवं दिसायचं. सरावाला महिना गेला. मान खाली घातली की समोरच्याला वाटे हा आपल्याला नमस्कार करतोय, म्हातारी माणसं हात उंचावून आशीर्वादही देत. चोवीस फोटोंत लग्न बसवायचं तर प्रत्येक फ्रेमचा हिशोब असे. मांडवात एखादा मामा तरी यादी घेऊन फिरायचा, ‘आत्या झाली, काकाजी राहिले, काकाजींना आणा रे!’ काकाजी पंगतीतून ओल्या हातानेच यायचे. फोटो ताठ, चेहरे गंभीर, आज तुम्ही हसाल. पण कुणी राहायचं नाही.

या ताठ फोटोंचं मोल मला काउंटरवर बसायला लागल्यावर कळलं. वर्षातून पाच-सात माणसं तरी यायची, बगलेत लग्नाचा अल्बम, डोकं नुकतं भादरलेलं. अल्बम उघडून एका चेहऱ्यावर बोट ठेवायचे. ‘यांचा एवढा वेगळा काढून द्या. तेरवी आहे.’ त्या पिढीच्या माणसांचा धड फोटो दुसरीकडे नसायचाच. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, तिथे फोटो असलाच तर कैद्यासारखा. धुतलेला सदरा, फेटा, डोळ्यांत थोडं कौतुक, हे फक्त कुणाच्या तरी लग्नात. मी एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून फोटो मोठा करायच्या यंत्राखाली, शेजारच्यांचे खांदे कापून १० बाय १२ इंची ब्रोमाइड, म्हणजे काळा-पांढरा प्रिंट, काढून द्यायचो. १२० ची निगेटिव्ह मोठी, चेहरा निभून जायचा. ३५ ची, लहान, असली आणि ग्रुपमध्ये वीस माणसं असली की नाक-डोळे म्हणजे नुसती रेती.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर दुकानाचं शटर बंद आणि व्हॉट्सॲपवर रोज कुणाच्या ना कुणाच्या लग्नाच्या फोटोचा फोटो. त्या दोन महिन्यांचे पैसे मी कुणाकडूनच घेतले नाहीत. तुला सांगितलं नव्हतं.

आपल्या बैठकीतला आजोबांचा फोटो तू लहानपणापासून बघतेस. खांद्याशी निळं काहीतरी आहे, ते काय म्हणून पाच वर्षांची असताना तू विचारलं होतंस आणि मी काहीतरी थाप मारली होती. तो तुझ्या आत्याचा शालू आहे. पाठवणीच्या आधी ती त्यांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी बटण दाबलं. बापाचा फोटो काढतोय असं माझ्या मनातही नव्हतं, बहिणीचा काढत होतो. एवढी लग्नं केली, पण घरी कॅमेरा पिशवीतून निघाला नाही. म्हणून बाबा गेल्यावर हाताशी तेवढा एकच फोटो होता, बहिणीला कापून काढावं लागलं. निळा तुकडा पुसून टाकणं सोपं होतं. मी राहू दिला.

एक गोष्ट मात्र अजून खुपते. २००४ मध्ये दुकान बदललं तेव्हा काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हची दोन पोती निघाली. फिल्म धुताना वापरलेल्या हायपोच्या पाण्यातून आणि जुन्या फिल्ममधून चांदी निघते, इतवारीतून माणूस यायचा, किलोवर घेऊन जायचा. मी दिली. पुढच्याच पावसाळ्यात भंडाऱ्याहून एक गृहस्थ आले. घरात पाणी शिरलं, अल्बम गेला, आईचा फोटो दुसरा नाही. १९८६ चं लग्न, मीच केलेलं. त्यांना पावतीचा नंबरही पाठ होता. मी रजिस्टर उघडलं, नाव सापडलं आणि निगेटिव्ह नाही म्हटलं. पोतं विकलं हे सांगायची हिंमत झाली नाही. ते ‘बरं’ म्हणाले, चहा घेतला आणि गेले. किती आले होते त्या चांदीचे? घरात एक कुलर आला होता.

तुला पोती विकायची वेळ येणार नाही, पण हार्ड डिस्कही एक दिवस मरतेच. एक प्रत तुझ्याकडे पुण्यात ठेव, एक इथे माझ्या कपाटात. आणि गिऱ्हाइकाला निदान पन्नास फोटो कागदावर दे. लिंक कुणी बगलेत घेऊन येत नाही.

बाकी कँडिड कर, बिनधास्त कर, मला आवडतं ते. फक्त हळदीच्या दिवशीच, गर्दी व्हायच्या आधी, दोन्ही घरच्या म्हाताऱ्या माणसांना एकेक करून उजेडात बसव. खिडकीजवळ, खुर्चीवर. अपर्चर ५.६ किंवा ८, म्हणजे लेन्स कमी उघडी आणि चेहरा पूर्ण स्पष्ट. पदर नीट करायला वेळ दे. चष्मा काढू का विचारतील, नाही म्हण, घरच्यांना तो चष्म्यासकटच चेहरा माहीत असतो. माणशी दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. अल्बममध्ये ते घेणार नाहीत, त्या छापील करिझ्मा अल्बमच्या चाळीस पानांत नवरा-नवरीच असतात. न घेवोत. तुझ्याकडे राहू दे.

नवरीच्या वडिलांना मी काल फोन केला. आजी गावी परत गेल्यात, गुडघा धरलाय, पण बऱ्या आहेत. पत्ता लिहून घेतलाय. पोळ्याला तू येणारच आहेस, तेव्हा कॅमेरा आण, काटोलच्या रस्त्याने सकाळी निघू. त्यांना आधी कळवू नकोस म्हणणार होतो, पण नको, कळव. लुगडं काढून ठेवायला त्यांना वेळ लागेल.

तुझे,
बाबा