एक हात खिशात

पुणे

ती. आई व ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव, पण सकाळच्या घाईत नको. संध्याकाळी दिवाबत्ती झाली, बाबांच्या डोळ्यांत थेंब घालून झाले की निवांत बसून वाच. फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा ‘जेवलीस का’ यावरच बोलणं संपलं. म्हणून लिहायला बसले.

मी राजीनामा दिला आहे. नोटिशीचे ९० दिवस या महिनाअखेर संपतील आणि मी बंगळूरला जाईन. तिथे आठ-दहा जणांची एक लहान कंपनी ब्रेल वाचायचं यंत्र तयार करते, तिथलं इलेक्ट्रॉनिक्सचं काम मी बघणार आहे. पगार आताच्या निम्म्याहून कमी. तुम्हांला न विचारता ठरवलं, हे मला टोचतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघं ‘तुला बरं वाटेल ते कर’ म्हणाला असतात आणि रात्रभर कूस बदलत राहिला असतात.

पैशांचं आधी सांगून टाकते, म्हणजे बाबा मनातल्या मनात हिशोब मांडत बसणार नाहीत. फ्लॅटचं कर्ज गेल्या वर्षीच फिटलं. पीएफला मी हात लावलेला नाही. तुमच्या खात्यावर पैसे येतात ते त्याच तारखेला, तेवढेच येत राहतील. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं होतात, तो बंद होईल. म्हणून त्याच विमा कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत तुम्हांला घ्यावं असा अर्ज मी राजीनाम्याच्या आधीच देऊन ठेवला. कुरिअरने कागद येतील, त्यावर दोघांच्या सह्या लागतील. बाबा, सही कुठे करायची ते आई बोट ठेवून दाखवेल. चिडू नका तिच्यावर.

आणि अंतराचं म्हणाल तर रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये झोपले की दुसऱ्या दिवशी जेवायला मी मिरजेत. पुण्याहून तरी याहून वेगळं काय होतं? बंगळूरला खोली मल्लेश्वरमला बघितली आहे, पहिल्या मजल्यावर, मालकीणबाई खालीच राहतात. जवळ उत्तर कर्नाटकी खानावळ आहे, तिथे ज्वारीची भाकरी मिळते, एण्णेगाई मिळते, शेंगाचटणी मिळते. कानडी आपल्याला परकं कधी होतं, आई? तू तर भाजीवालीशी अर्धा तास कानडीतूनच भांडायचीस.

बाबा, तुम्हांला वाटत असेल, इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून ही पोरगी आता पुन्हा सोल्डरिंगची बंदूक का हातात धरतेय. मला वाटतं मी ती कधी खाली ठेवलीच नव्हती. वालचंदला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तुम्ही लॅमिंग्टन रोडवरून ८०५१ ची चिप आणली होतीत, काळ्या फोममध्ये पाय टोचून, शर्टाच्या खिशात. रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून आपण ७८०५ रेग्युलेटरमधून पाच व्होल्ट बरोबर येतात का ते मोजलं आणि मगच चिप सॉकेटमध्ये बसवली. भोसरीला मीटरच्या कारखान्यात लागले तेव्हा फिरत्या चकतीचे मीटर जाऊन आकड्यांचे येत होते. त्यात सर्किट तेच राहायचं, बदलायचा तो आतला प्रोग्राम. दरवर्षी माझं काम टेबलावरून पडद्याकडे सरकत गेलं आणि २००७ मध्ये मी हिंजवडीला गेले. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त तुमचा जुना मल्टिमीटर माझ्या बॅगेत घातलात. तो अजून चालतो.

बँकांची ॲप करता करता एक तक्रार माझ्याकडे आली. एका अंध शिक्षकांनी लिहिलं होतं, ‘पैसे पाठवायच्या पानावर मला फक्त बटण, बटण, बटण एवढंच ऐकू येतं.’ चित्रांची बटणं होती आणि त्यांना आतून नावंच दिलेली नव्हती. फोन वाचणार तरी काय! दुरुस्तीला एक दुपार लागली. पान मात्र सहा वर्षं तसंच होतं आणि त्यातली चार वर्षं ते माझ्या हाताखालून गेलं होतं. त्या रात्री मी एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घेतलं आणि पडद्यावर टॉवेल टाकून आमचंच काम ऐकत बसले. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं. तेव्हा असे वाचक फार महाग होते. हा जगभर फुकट मिळतो.

आई, आता तुझ्या विषयाचं सांगते. यंत्र मराठी वाचतं तेव्हा कुठे अडतं माहीत आहे? ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘शंभर वर्षं जग’ मधलं जग, हे त्याला कळत नाही. दोन्ही एकाच ‘ज’ने म्हणतं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक आवाजात गेला की मुलाला समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या एकच. आणि ऱ्हस्व-दीर्घ तर कानाने शिकता येतच नाही. ‘कि’ आणि ‘की’ ऐकून वेगळे कसे करायचे? नुसतं ऐकून शिकलेल्या हुशार मुलांची उत्तरं मी पाहिली आहेत. मजकूर उत्तम आणि शुद्धलेखन सगळं कोलमडलेलं. त्यांना अक्षर कधी भेटलेलंच नसतं. मला लगेच तुझी ती अंध कुंदा आठवली. पुठ्ठ्यावर लोकरीचा धागा चिकटवून तू तिला अक्षरं दिली होतीस आणि मी त्या लोकरीवरून रडले होते, कारण ती माझ्या स्वेटरची होती.

त्या पुठ्ठ्याचंच काम आमचं ब्रेलचं यंत्र करतं. एका खान्यात आठ बारीक खुंट्या असतात. प्रत्येकीखाली एक पातळ पट्टी असते. तिला वीज दिली की ती किंचित वाकते आणि खुंटी बोटाला लागेल इतकी वर येते. ओळ वाचून झाली की सगळ्या खाली जाऊन पुढची ओळ उभी राहते. अशा चाळीस खान्यांच्या परदेशी यंत्राची किंमत लाखाच्या पुढे जाते. शाळेतल्या पोराच्या दप्तरात ते कसं येणार? आमचं वीस खान्यांचं आहे. सगळा प्रयत्न किंमत खाली आणण्याचा आणि आपल्याकडच्या धुळीत, घामात, हळदीच्या बोटांत ते टिकवण्याचा आहे.

बाबा, त्या पट्टीला जवळजवळ २०० व्होल्ट लागतात. छोट्याशा बॅटरीतून एवढा दाब तयार करायचा. पहिल्यांदा ते सर्किट उघडं समोर आलं तेव्हा माझा डावा हात आपोआप खिशात गेला. तिथला एक मुलगा बघतच राहिला. त्याला सांगितलं, आमच्या दुकानात व्हॉल्व्हचे रेडिओ यायचे आणि बाबांचा नियम होता, हाय टेन्शनजवळ एक हात खिशात, म्हणजे झटका दोन्ही हातांमधून छातीतून जात नाही. एका खान्यात खुंटी मधेच अडायची, तेही तुमच्यासारखं पेचकसच्या मुठीने हळूहळू टकटक करत शोधलं. ड्राय सोल्डरच निघालं, म्हणजे नीट न धरलेला सांधा.

हे मी कधी केलं ते आता कबूल करते. फेब्रुवारीत ऑफिसच्या ट्रेनिंगला पंधरा दिवस गेले म्हणाले होते ना? रजा टाकून मी तिथेच होते. तुम्हांला खोटं सांगितलं, त्याबद्दल क्षमा करा.

आणि डोळ्यांचं. तुमच्या डोळ्यांमुळे मी नोकरी सोडली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मात्र त्यांचा काही संबंधच नाही, असंही मी लिहू शकत नाही. तुम्ही दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागलात तेव्हा एका ठिकाणी नुसता चष्म्याचा नंबर बदलून दिला आणि मी परदेशातल्या प्रोजेक्टवरून ‘बरं झालं’ म्हणून फोन ठेवला. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, आधी कडेचं दिसणं जातं, मधलं स्वच्छ राहतं. हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. गेलेलं परत येत नाही. पण आहे ते राखता येतं, बाबा, आणि ते आपण राखायचं आहे.

तेव्हा आता माझं ऐका. थेंब एकाही रात्री चुकवायचे नाहीत, ‘आज बरं दिसतंय’ म्हणून तर मुळीच नाही. थेंब पडला की डोळे मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. फ्रिजमधली बाटली फोडल्यावर चार आठवड्यांनी टाकायची, आत उरलेलं असलं तरी. आई, पैसे वाया जातात म्हणू नकोस. तुझे गुडघे सांभाळ आणि माळ्यावर चढू नकोस, चढलीस तर मला कळतं. दादालाही डोळ्यांचा दाब तपासून घ्यायला सांग. वडिलांना असेल तर मुलांनी तपासायचं असतं. मी तपासून घेतला, ठीक आहे.

फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडदा बोलून दाखवणारी सोय, चालू केलंय तुम्हांला सवय लागावी म्हणून, आत्ताच गरज आहे म्हणून नाही. गोंधळ उडाला तर आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद दाबून धरा, बंद होईल. पण रोज दहा मिनिटं तरी वापरा. माझ्यासाठी.

फेब्रुवारीत शेवटच्या दिवशी वीसही खाने पहिल्यांदा एकत्र चालले. काय लिहायचं, असं सगळे मला विचारत होते. मी ‘आई’ टाइप केलं. दोन खाने, पाच टिंबं, बस्स. मग पुढे ‘बाबा’, तो चार खान्यांचा. डोळे मिटून मी त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा.

गणपतीला येईन तेव्हा एक सुटा खाना घेऊन येते. बाबा, उघडून बघायला तुमचा छोटा पेचकस शोधून ठेवा.

तुमची,
नंदू

ता. क. आई, आताच्या बाटलीवर फोडल्याची तारीख लिहिली आहेस का? नसेल तर आत्ता ऊठ आणि लिही.