क्लास सोमवारपासून सुरू, फीबद्दल महत्त्वाचं

पालकहो, कोरोनामुळे मार्च २०२० पासून बंद असलेला जिम्नॅस्टिक्स क्लास सोमवारी उघडतोय. हॉलचं भाडं, लाइटबिलाचा स्थिर आकार बंदच्या काळातही चालूच होता, त्यात पावसाळ्यात पिटमधल्या (उडी मारून पडायच्या खड्ड्यातल्या) फोमला बुरशी लागली, तो सगळा बदलतोय कारण नवीन उडी शिकताना मुलं त्यातच पडतात, तिथे काटकसर नकोच. अंतर ठेवायचं म्हणून बॅच २० ऐवजी १० मुलांची, कोच मात्र तेवढेच लागणार. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी ३ महिन्यांची फी एकदम भरा प्लीज, मार्चची उरलेली त्यात वळती करू. कुणाच्या नोकरीचं अडलं असेल तर ताईंना पर्सनल मेसेज करा, फीपायी एकाही मुलाचा क्लास सुटायला नको. हाताला लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर (चॉक) आपापली आणा.