समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून हवालदार मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही चहावाल्याच्या पोराकडून. "ठाण्यात एक कप कमी झाला," म्हणाला. पोलिसांच्या बदल्या मे महिन्यात निघतात हे लोणंदमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तुम्ही त्या आठवड्यातही नेहमीसारख्या दुकानात आलात, एका कागदाच्या दोन प्रती काढल्यात, गल्ल्यावर चार रुपये ठेवलेत आणि गेलात. तो बदलीचा आदेश असावा. मी वाचला नाही. गिऱ्हाइकाचा कागद वाचायचा नाही, हा माझ्या धंद्यातला एकमेव नियम, आणि तो नेमका त्या दिवशी नडला. नाहीतर हे सगळं तोंडावर सांगून मोकळा झालो असतो. आता लिहावं लागतंय. नवा पत्ता विचारलेला नाही. कुणीतरी तुम्हाला हे दाखवेलच.

ठाण्यासमोर झेरॉक्सचं दुकान असलं की गावाचं वर्ष वेगळ्या बाजूनं दिसतं. माणसं ठाण्याची पायरी चढण्याआधी माझ्याकडे थांबतात. आधार कार्डाची प्रत हे निमित्त. खरं तर त्यांना पाणी प्यायचं असतं आणि कुणाला तरी एकदा सगळं सांगून बघायचं असतं. मग मी अर्ज लिहून देतो. "मी खाली सही करणार, विनंती अर्ज करतो की" इथपासून पुढे माझे हात आपोआप चालतात. बांधावरून भांडण, शेजाऱ्याचं कुत्रं, लायसन हरवलं, सुनेनं माहेरी जाताना दागिने नेले, मोटारसायकल बाजारातून गेली. कांद्याच्या लिलावाच्या दिवशी मोबाइल जाण्याचे अर्ज हमखास.

त्यातलाच एक अर्ज तुमच्यामुळे मला परत लिहावा लागला होता. आठवतं का बघा. कांदा निवडायला येणाऱ्या एका बाईचा फोन गेला होता. मी सवयीनं लिहिलं, "माझा मोबाइल गहाळ झाला आहे." ही सवय मला कुठं लागली ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात माझं पाकीट मारलं गेलं. तिथं टेबलापलीकडच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "चोरी नका लिहू, गहाळ लिहा. लवकर होईल." मी लिहिलं. लवकर झालं, म्हणजे काहीच झालं नाही. तेव्हापासून माझ्या लेखी सगळ्या गावाच्या वस्तू गहाळच होत होत्या.

ती बाई पाच मिनिटांत अर्ज घेऊन माझ्याकडे परत आली. तुम्ही तिला विचारलं होतं, "हरवला की कुणी काढून घेतला?" तिनं सांगितलं, पिशवी ब्लेडनं कापलीय, ही बघा. मग तुम्ही म्हणालात, "मग तसं लिहून आणा. नाहीतर राहू द्या, बसा, मीच लिहून घेते." आणि गुन्हा दाखल झाला. फिर्यादीची एक प्रत फिर्यादीला फुकट द्यायची असते, ती तुम्ही तिथल्या तिथं तिच्या हातात ठेवलीत. (माझे दोन रुपये बुडाले. असू दे.) फोनचा खोक्यावरचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, घेऊन फोन बंद करण्याची नोंद केंद्र सरकारच्या पोर्टलवर झाली, आणि काही महिन्यांनी कुणीतरी त्यात नवं सिम घातल्यावर फोन सापडला. बाई पेढे घेऊन आधी माझ्याकडे आली. मी म्हटलं, समोर जा.

हे मी इतकं सविस्तर का सांगतोय, तर वार्षिक तपासणी. दरवर्षी एसपी साहेबांची तपासणी जवळ आली की आमच्या रस्त्याला सणाची कळा येते. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, आवारातल्या गंजलेल्या गाड्यांवर ऑइलपेंटनं गुन्हा नंबर पुन्हा गिरवणं, मुद्देमालाच्या खोलीतून बाहेर उन्हात मांडलेल्या सीलबंद पिशव्या, आणि माझ्याकडून लाल लेसची बंडलं. ठाण्याचा प्रिंटर याच मुहूर्तावर रुसतो. एका वर्षी एक तक्ता मला जुळवून द्यावा लागला होता. गतवर्ष, चालू वर्ष, वाढ, घट. टाइप करायचं म्हणजे वाचणं आलंच. चोऱ्यांच्या रकान्यात 'वाढ' होती. मी आपला गावचा माणूस, वाटलं, अरेरे, नाव खराब होणार. तुम्ही शेजारी उभ्या होतात. म्हणालात, "दादा, चोऱ्या वाढल्यात असं नाही. लिहिल्यात म्हणून दिसतायत."

त्या एका वाक्याचे आभार मानायला मला दोन वर्षं लागली.

बाहेरच्यांना वाटतं पोलिसांचं वर्ष म्हणजे दरोडे आणि धाडी. समोरून बघणाऱ्याला दिसतं ते असं: 2 जानेवारीला पोलीस स्थापना दिन, त्या आठवड्यात शाळेची पोरं रांगेनं ठाणं बघायला येतात. 1961 साली याच तारखेला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, हे तुम्ही दरवर्षी सांगायचात आणि पोरांचं सगळं लक्ष बेडीकडे. मग यात्रा, जयंत्या, उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटणं. मग पालखी. मग शांतता समितीची बैठक, गणेश मंडळांचे परवाने, रात्री दहाला आवाज बंद करायला गेल्यावर "मॅडम, एकच गाणं" म्हणणारी पोरं. मग कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. थंडीत चौकात उभं राहून त्या ट्रॉल्यांच्या मागं लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवताना तुमची नखं काळी झालेली मी बघितलीयत. मोटारसायकलवाल्याला अंधारात उभी ट्रॉली दिसत नाही, नुसता ऊस दिसतो, तोही आदळल्यावर. अशा पट्टीमुळं कोण वाचलं हे कधीच कळत नाही, कारण वाचलेला माणूस सरळ घरी जातो.

आणि 1 जुलै 2024 पासून तर सगळी कलमंच बदलली. जुन्या लोकांची तारांबळ मी बघितली. चोरीचं 379 गेलं, 303 आलं. फसवणुकीचं 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 झालं, पण गावात अजून कुणी कुणाला तीनशे अठरा म्हणून शिवी देत नाही. नव्या संहितेचं पुस्तक तुम्ही माझ्याकडून स्पायरल बांधून नेलं होतंत, आणि महिन्याभरात त्याची पानं चहाच्या डागांनी भरली होती.

फसवणुकीवरून ते पाडेगावकडचे काका. त्यांना ओळखीच्याच नंबरवरून व्हॉट्सअॅपला एक फाइल आली, नाव पीएम किसानचं. उघडली. रात्रीत खात्यातून 65,000 गेले. सकाळी माझ्याकडे अर्ज लिहायला आले तर एकच पालुपद, "पैसे आपोआप गेले." पोराला काही सांगू नको म्हणाले. लाज, दुसरं काय. मी त्यांना अर्जाशिवायच तुमच्याकडे आणलं, कारण अशा वेळी मिनिटं महत्त्वाची हे तुम्हीच बाजार समितीच्या आवारात हमालांना सांगताना ऐकलं होतं. तुम्ही आधी 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावलात, मग त्यांना खुर्ची दिलीत. म्हणालात, "काका, अशी फाइल माझ्या सख्ख्या भावानं उघडलीय. कुणी हसणार नाही. पहिलं काय दाबलं, दुसरं काय दाबलं, तेवढं क्रमानं सांगा." भावाचं खरं होतं का काकांसाठी रचलेलं, ते मला आजही माहीत नाही. पण काका बोलले. 31,000 पुढच्या खात्यात अडकवता आले, बाकीचे गेलेच. काका अजूनही ते 31,000 'मॅडमचे पैसे' म्हणून सांगतात.

आता माझं.

गेल्या वर्षीच्या पालखीत मी दुकानात वारकऱ्यांचे फोन चार्ज करत बसलो होतो. दोन एक्स्टेन्शन बोर्ड, वीसेक फोन, प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. अण्णा, माझे वडील, वय 81, मागं खुर्चीत. दोन वर्षांपासून त्यांना विसरायला होतं. माउलींची पालखी तरडगावकडे निघाली, रस्ता भरून वाहायला लागला, मी पाठ फिरवली ती जेमतेम तीन फोन परत करण्यापुरती. खुर्ची रिकामी.

इतकी वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहिणारा मी, ठाण्यात आलो तर मला शब्द सुचेना. कुणीतरी म्हणालं होतं, चोवीस तास थांबावं लागतं. तुम्ही पहाटेपासून चौकातल्या पॉइंटवर उभ्या होतात, पायाला सूज होती, नुकत्याच आत आला होतात. म्हणालात, "चोवीस तासाचं काही नसतं. बसा." मी मोबाइलमधला फोटो दाखवला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी, कपाळाला गंध. फोटो बघून तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हलकेच म्हणालात, "दादा, आज रस्त्यावर सगळेच असे आहेत."

मग जे विचारलंत ते मी जन्मात विसरणार नाही. "ते जातील कुठं हे सोडा. थांबतील कशापाशी?"

मी म्हटलं, मृदंगापाशी. देवळातल्या भजनात आयुष्यभर मृदंग वाजवलाय त्यांनी. आता बोटं थरथरतात, पण ठेका ऐकला की मांडीवर हात पडतोच.

"कुठल्याही मृदंगापाशी, का चांगल्या वाजवणाऱ्यापाशी?"

रडता रडता मला हसू फुटलं. "वाईट वाजवणाऱ्याकडे ते बघणारसुद्धा नाहीत."

तुम्ही तेही लिहून घेतलंत. पायात काय, विचारलंत. उजव्या चपलेचा अंगठा तुटून सुतळीनं बांधलेला, माझ्याच दुकानातली सुतळी. बिनतारीवरून निरोप गेला तो मी उभ्यानं ऐकला: वय 81, दिंड्यांत मृदंगाजवळ बघा, मांडीवर ठेका धरतात, उजव्या चपलेला सुतळी. पलीकडून कुणीतरी "पुन्हा सांगा" म्हणालं. तुम्ही पुन्हा सांगितलंत, तितक्याच गंभीर आवाजात.

दुपारी तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पालखीचं उभं रिंगण झालं, तिथं सापडले नाहीत. ते दोन तास मी कसे काढले ते राहू द्या. साडेसहाच्या पुढं तरडगावातून एका होमगार्डच्या पोराचा फोन आला. रथामागच्या एका दिंडीच्या राहुटीत अण्णा बसलेत, चपलेला सुतळी आहे, चहा झालाय. पण यायला तयार नाहीत. हरिपाठ झाल्याशिवाय उठणार नाही म्हणतात.

लोणंद ते तरडगाव जेमतेम आठेक किलोमीटर. एक्याऐंशी वर्षांचा माणूस मृदंगाच्या मागं चालत गेला होता. मी म्हटलं, उचलून आणा. तुम्ही फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलंत आणि त्या पोराला सांगितलंत, "होऊ दे हरिपाठ. तू तिथंच बस. त्यांचे चिरंजीव येतायत." आणि मला एका दुधाच्या गाडीत बसवून दिलंत.

दुसऱ्या दिवशी सापडल्याचा जबाब द्यायला आलो. प्रत्येक जबाबाखाली ते वाक्य असतं, "माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे." शेकडो कागदांवर मी ते बघितलंय आणि सह्या करून माणसं उठताना बघितलीयत. तुम्ही खरोखर वाचून दाखवलात. सगळा. "सदर इसम हे हरिपाठ संपेपर्यंत येण्यास तयार नसल्याने" इथं आल्यावर ठाणे अंमलदारांनी मान वर केली. तुम्ही हसला नाहीत, वाचत राहिलात. अण्णा शेजारी बसले होते. मधेच म्हणाले, "काकडा आरतीचं पण लिही." तुम्ही विचारलंत, "काकड्याला होता तुम्ही तिथं?" अण्णा म्हणाले, "नव्हतो. असतो तर बरं झालं असतं."

तुमच्या जागी आता दुसऱ्या मॅडम आल्यात. लहान आहेत, भराभर चालतात. झेरॉक्सचे पैसे त्याही देतात, म्हणजे जाताना तुम्ही काहीतरी सांगून गेला असाल.

काल पालखी पुढं गेली. त्या आधीचे चार दिवस मी दुकानात म्हाताऱ्या माणसांसाठी फुकट कार्डं करून दिली, लॅमिनेट करून, गळ्यात घालायला दोरा ओवून. नाव, गाव, घरच्याचा फोन, आणि खाली एक ओळ तुमच्याकडून उचललेली: कशापाशी थांबतील? बहुतेकांची पोरं "माहीत नाही" म्हणून ती ओळ रिकामी सोडायची. मग मी म्हाताऱ्यांनाच विचारायला लागलो. एकानं सांगितलं, घोड्यांपाशी. एकानं, चहापाशी. नऊवारीतली एक आजी बराच वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, "लिही बाबा, फुगडीपाशी."

आपला,
ठाण्यासमोरचा झेरॉक्सवाला, लोणंद