दूध रोज तपासले जाते, खुराक कधी तपासणार?

मा. पशुसंवर्धन व दुग्धविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी सिन्नर तालुक्यात सहा संकरित गाईंचा गोठा सांभाळते. गेल्या आठवड्यात माझी चांदी नावाची गाय सातव्या महिन्यात गाभडली. डॉक्टरांनी बुरशी लागलेल्या मुरघासाची, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या वैरणीची, शंका सांगितली. मात्र खात्री करून घ्यायची तर नमुना कुठे द्यावा, हे त्यांनाही सांगता आले नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडील पशुपालक मेळाव्यात व्यासपीठावरून शब्द देण्यात आला होता की, मुरघास नीट आंबावा म्हणून त्यात टाकायचे जिवाणूंचे संवर्धक सवलतीत मिळेल आणि पेंड-मुरघास तपासण्याची सोय तालुक्यातच होईल. त्यानंतर मी तीन अर्ज दिले. तिन्हींवर पोच मिळाली, उत्तर एकाचेही आले नाही.

यंदा मक्याचा दाणा चिकात असतानाच परतीच्या पावसाने गाठले आणि ओलीच कुट्टी पिशव्यांत दाबावी लागली. चांगल्या मुरघासात लॅक्टोबॅसिलससारखे जिवाणू मक्यातील साखरेचे आम्ल करतात, सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप) चारच्या आसपास उतरतो आणि वैरण महिनोन्महिने टिकते. पाणी जास्त राहिले की मात्र नको ते जिवाणू आधी माजतात. नेहमी पिशवी उघडली की आंबूसगोड वास येतो. या वेळी खवट लोण्याचा वास आला, आणि प्लॅस्टिकला जिथे बारीक भोक पडले होते तिथे कुट्टीचे हिरवट-करडे गोळे हाताला लागले. मी वरचा थर काढून टाकला आणि खालचा घातला, कारण दावणीला दुसरे काहीच नव्हते. ही चूक माझी आहे, आणि ती मला रोज टोचते. संवर्धक टाकले म्हणून हवा शिरलेली पिशवी वाचत नाही, हेही मला कळते. परंतु ते वेळेवर हाती असते आणि एखाद्याने ओलाव्याचे प्रमाण शिकवले असते, तर बाकीच्या पिशव्या तरी वाचल्या असत्या.

साहेब, खरा प्रश्न याहून मोठा आहे. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष खुराकातून गाईच्या पोटात जाते आणि एम१ या रूपाने दुधात उतरते. ते उकळूनही जात नाही. २०१८च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि त्याचे मूळ चारा व पशुखाद्यात असल्याचे तेव्हाच सांगितले गेले. मग आमचे दूध संकलन केंद्रावर दोन्ही वेळा फॅट आणि एसएनएफसाठी (फॅट सोडून दुधातील बाकीच्या घन घटकांसाठी) तपासले जाते, दुधाच्या घनतेची डिग्री कमी लागली की दर कापला जातो, पण त्याच केंद्राबाहेर विकत घेतलेले सरकी पेंडीचे पोते कोणीच का उघडून पाहत नाही? शेतकरी विकतो त्या प्रत्येक वस्तूला चाळणी आहे, तो विकत घेतो तिला नाही. दुधाच्या खर्चातला मोठा वाटा खुराकाचा असतो, आणि नेमकी तीच बाजू या व्यवस्थेने आमच्या नशिबावर सोडली आहे. विद्यापीठांत जिवाणू, विकरे, बायपास प्रथिने (गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात न मोडता पुढे पचणारी) यांवर वर्षानुवर्षे काम होते. ते गोठ्यापर्यंत आणणे हे कोणाचे काम आहे, ते एकदा लेखी सांगावे.

मला चांदीची भरपाई नको. चिकात येणारा पुढचा मका कापण्यापूर्वी संवर्धक तालुक्याच्या दवाखान्यात यावे आणि पेंड तपासणारा एक माणूस नेमावा. त्या मुरघासाचा नमुना मी सावलीत वाळवून, तारीख घालून कागदी पिशवीत ठेवला आहे. तो कुठे आणून द्यायचा, तेवढे कळवावे.

आपली नम्र,
एक दूध उत्पादक, सिन्नर, जि. नाशिक